सोमवारचे पत्रे

वर बघू नका म्हणलं ना. वर काय न्हाय. पाइप हाय, पाइपाच्या वर आभाळ हाय, आन् आभाळाचं भाडं मी लावलेलं न्हाय... नवरीचे वडील मघापासनं स्टेजच्या कडेला उभं राहून माझ्याकडं असं बघायलेत की जसं काय त्यांच्या डोक्यावरचं छप्पर मी खिशात घालून बसलोय. मालक, जरा दम खावा. वऱ्हाड अजून मोडनिंबात चहाला थांबलंय, अक्षता पडायला तास हाय, तवर माइक माझ्याकडं हाय आन् तुमी सगळे खुर्चीवर हाय, तर सांगूनच टाकतो पत्रे कुटं गेले ते. भवानी पेठेत कुणालाबी विचारा, पावसाचा भरवसा न्हाय म्हणलं की पत्र्याचा मंडप, आन् पत्र्याचा मंडप म्हणलं की सिद्धेश्वरी मंडप, म्हणजे मी, शिवानंद. बायकोच्या नावावर धंदा हाय, शिव्या माझ्या नावावर. आता त्या मंडपातलं काय राहिलं? ती कमान राहिली. येताना बघितली असंल की, वर सुस्वागतम, दोन बाजूला दोन हत्ती, मधी बिजागरीसकट खरंखुरं लाकडी दार. आख्ख्या सोलापुरात दाराची कमान माझी एकट्याची. तेवढी एक वस्तू अजून माझी हाय.

आन् हे सगळं कशापायी? मी नुस्ता स्पीकर लावायला गेलतो!

आता ते वादळ. तुमाला आठवतंय की, समुद्रात उठलं म्हणं. समुद्र कुटं, आपण कुटं? हितं नळाला पाणी यायला चार-चार दिवस वाट बघावी लागते, पण समुद्राचं वादळ मात्र न मागता घरपोच! माझं मंडपाचं कापड तर त्याच दिवशी फाटून चिंध्या झालं, ते सोडा, कापडाचं काय एवढं. पण खाली अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या शिवेवर एक गाव हाय... नाव घेत न्हाय, बिचारी भली माणसं हायेत... तितल्या नऊ घरांचे पत्रे उडाले. म्हणजे कसे उडाले, तर एक पत्रा सापडला तो दुसऱ्या राज्यात.

तर चार दिवसांनी मला फोन आला तितल्या ग्रामसेवकाचा. बिभीषण भाऊसाहेब. मूळचा नातेपुत्याचा माणूस, बोलणं लई गोड, काम सगळं कागदावर. म्हणला, "शिवानंदराव, दिल्लीहून साहेब बोलणार आहेत. देशाला संदेश. वादळ झालेल्या प्रत्येक गावानं एकत्र बसून ऐकायचा, असा वरून आदेश आहे. तुम्ही फक्त पडदा अन् स्पीकर लावा." मी म्हणलं, व्हय, त्यात काय. बघा, किती साधं काम. भोंगा बांधायचा, वायर जोडायची, हॅलो हॅलो करायचं, भाषण संपलं की वायर गुंडाळायची.

गेलो. बसवण्णाच्या देवळापुढं माणसं बसलेली. सगळ्यात पुढं गंगम्मा. साठीची बाई, नवरा मागंच गेलेला, वीतभर शेत, चार शेरडं. तिची धाकटी काव्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आन् बाळ झालं वादळाच्या आदल्या आठवड्यात. दहा-बारा दिवसांचं पोर घेऊन ती बाळंतीण कुटं बसलीय, तर चार भिंतीच्या खोलीत, वर खताच्या पिशव्या शिवून केलेलं छप्पर. वारं आलं की ते छप्पर फडफडायचं आन् पोर दचकायचं. देवळापासनं दिसत होतं ते. मी सारखं बघत होतो आन् सारखं मान वळवत होतो... मी काय करणार? मी नुस्ता स्पीकर लावायला गेलतो.

अकराला साहेब पडद्यावर आले. हिंदी लई उंच. काय ते शब्द, पुनर्निर्माण, संकल्प, आशा की किरण... मला कळाया दोन-दोन मिनिटं लागायलेत, आन् समोर बसलेली माणसं घरात कानडी, शेतात कानडी, देवापुढं कानडी. कुणाच्या तोंडावरची माशी हलंना. तवर भाऊसाहेब माझ्या कानाला लागला. "तुम्हाला कानडी येतं ना? साहेब मधे मधे थांबतात, तेवढ्यात सांगत चला." आता मी लिंगायताचं पोर, आई माझी अक्कलकोटची, न्हाय कसं म्हणू? घेतला माइक. हितंच चुकलं बघा. स्पीकर लावणाऱ्यानं माइकात बोलू नये. चाचणी करावी, गप बसावं.

साहेब म्हणले, राष्ट्र तुमच्या पाठीशी पहाडासारखं उभं हाय. आन् थांबले. मी कानडीत सांगितलं, हे तुमच्या मागं उभं हायेत. दोघा-तिघांनी मागं वळून बघितलं. मागं पडकी भिंत. आन् गंगम्मा शांतपणे म्हणली, "तम्मा, तगडु यावाग?"

तगडु म्हणजे पत्रे. यावाग म्हणजे कधी. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी. पत्रे कधी?

मी म्हणलं, आजी, ऐका तर खरं. साहेब म्हणले, किती का अंधारी रात्र असंना, सूर्य उगवल्याशिवाय राहत न्हाय. मी ते सांगितलं. गंगम्मा म्हणली, सूर्य तर रोज थेट आमच्या अंथरुणातच उगवायलाय, त्याची काय अडचण न्हाय. तगडु यावाग? साहेब म्हणले, जे गेलं ते पहिल्यापरीस भक्कम उभं करू, हे माझं वचन हाय. सांगितलं. तगडु यावाग? आता ह्याला काय म्हणावं? ती काय भांडत नव्हती हो. आवाज चढवंना, रडंना, देवळात पुजाऱ्याला आरती कधी विचारावं तसं विचारत होती. आन् तितंच साहेबांना गहिवरून आलं. थांबले. एवढा वेळ थांबले, एवढा वेळ थांबले की मी पडद्याची वायर निघाली का म्हणून बघून आलो. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघायलंय. तिकडं वारं सुटलं, पिशव्या फडफडल्या, पोर दचकून रडलं, काव्यानं पदर त्याच्यावर धरला, आन् गंगम्मा म्हणली, "तम्मा, यावाग?"

आन् माझ्या तोंडातनं पडलं... "सोमवार."

कसं पडलं विचारू नका. आमच्या सोलापूरकडं सगळं सोमवारीच. दुकान उघडायचं सोमवारी, पोरगी बघायला जायचं सोमवारी, सिद्धरामाचा, आमच्या ग्रामदेवाचा वार. कुणी कधी विचारलं आन् आपल्याला ठाऊक नसलं की सोमवार म्हणायचं, म्हणजे चांगल्या दिवशी होईल, एवढाच अर्थ. पण तितं वादळात घर गेलेली माणसं बसलेली, त्यांनी काय ऐकलं? दिल्लीच्या साहेबांनी वार सांगितला! आन् वार तरी कुठला, तर सिद्धरामाचा! सगळी उठून उभी राहिली, हात जोडले. गंगम्मानं कनवटीचं भस्म काढलं, पुढं आली, आन् माझ्या स्पीकरच्या खोक्याला तीन बोटं ओढली. खोक्याच्या पाया पडली हो ती... अजून हाय ते भस्म, पुसायचा मला धीर झाला न्हाय. आन् भाऊसाहेबाला कानडी ठो कळत न्हाय, त्यानं वहीत लिहिलं, संदेशाचा ग्रामस्थांवर फार चांगला परिणाम झाला.

घरी आलो. जेवण जाईना. बायकोला, सिद्धेश्वरीला सांगितलं, तर तिचा हिशेब सरळ. "अवो, शब्द कुणाचा? दिल्लीचा. मग दिल्ली बघंल की. तुमी कशाला झुरायलाय?" मी म्हणलं, शब्द दिल्लीचा, पण तोंड माझं होतं, आन् सोमवार तर आख्खाच माझा होता. रविवारी पुन्हा ढग भरून आले. मी खिडकीत, ती दारात. मला पत्रे न्हाय हो दिसत होते, मला ते पोर दिसत होतं. कवाबी पाऊस आत येईल, आन् ती बाई भिजत बसंल सोमवारची वाट बघत. मला स्वतःची लई लाज वाटली. सोमवारी उजाडताच मी टेंपोत पत्रे भरायला लागलो, तर ही आली. म्हणलं आता बोलणार. ही म्हणली, "हुकांचा डबा इसरला की. पत्रे काय थुंकीनं चिकटवणार हाय?" आन् टेंपोत पुढं बसली.

होते नव्हते तेवढे सगळे पत्रे नेले. प्रत्येक घराला एक खोली झाकली. गंगम्माच्या खोलीवर शेवटचा हुक आवळला आन् दहा मिनिटांत पाऊस आला बघा. आम्ही सगळे आत. पत्र्यावर असा ताशा वाजायलाय, बोललेलं ऐकू येईना, आन् ते पोर... गाढ झोपलेलं. खरं सांगतो, एवढी लग्नं लावली, असं समाधान कधी वाटलं न्हाय. गाव म्हणलं, दिल्लीनं शब्द पाळला. मी म्हणलं, व्हय. आता काय म्हणणार? देशाच्या नेत्याच्या तोंडात मी सोमवार घातला हे सांगू? आत टाकतील की मला. भाऊसाहेब आला, त्यानं रस्त्यावरनं नवीन छपरांचे फोटो काढले आन् वर पाठवले.

संपलं ना हितं? म्हणलं, मरू दे, सरकारी पत्रे आले की आपले सोडवून आणू. मग पंचनाम्याचे लोक आले. खुर्च्यासुद्धा मागितल्या न्हाईत, उभ्याउभ्या वर बघितलं आन् लिहिलं, घरावर पत्रे आहेत, नुकसान नाही. एक घर, दुसरं घर, नऊच्या नऊ घरं यादीतनं बाहेर! भिंती पडक्या, दारं वादळानं नेलेली, जोंधळ्याची कणगी भिजून गेलेली, पण वर पत्रा हाय ना? मग नुकसान न्हाय. म्हणजे बघा, मी पत्रे ठेवले तर त्यांना सरकारी मदत न्हाय, आन् काढून आणले तर पोर उघड्यावर. आन् मी कशाला गेलतो? नुस्ता स्पीकर लावायला!

तसाच उठलो, भाऊसाहेबाकडं गेलो. म्हणलं, पत्रे माझे हायेत. तो म्हणला, "लिहून द्या." म्हणलं, काय लिहू? "हेच, की साहेबांच्या भाषणात नसलेलं तुम्ही लोकांना सांगितलंत." दिलं लिहून. सहीसकट. त्यानं वाचलं, घडी घातली, फायलीत ठेवलं, आन् मग हळूच म्हणला, "शिवानंदराव, वर पाठवतो मी. पण त्या फोटोंवर साहेब खूश आहेत. पुढच्या संदेशात आपल्या गावाचं नाव घेणार आहेत. आठवड्यात उभं राहिलेलं गाव म्हणून. आता ते नाव कोण खोडणार?"

तितनं मी गंगम्माच्या घरी. पाया पडलो, म्हणलं, आजी, माझ्यामुळं तुमचं नाव यादीतनं गेलं. मी खोटं बोललो, ते पत्रे दिल्लीचे न्हाईत. तर काव्या खाटेवरनं हसली. म्हणली, "मामा, आम्हाला ठाऊक हाय." आन् वर बोट केलं. मी वर बघितलं... प्रत्येक पत्र्याच्या आतल्या अंगाला, माझ्याच हातानं, लाल ऑइलपेंटनं, सिद्धेश्वरी मंडप, भवानी पेठ, सोलापूर. फोन नंबरसकट! बाळंतीण दिवसभर उताणी पडून दुसरं वाचणार काय? मी म्हणलं, मग तुमी बोलल्या कशा न्हाय? गंगम्मानं मला जवळ बसवलं. कानडीत म्हणली, ते मी तुमाला मराठीत सांगतो. म्हणली, "तम्मा, पडद्यातल्या माणसाला मी कधी विचारलंच नव्हतं. त्याला मी दिसत होते का? मी तुला विचारलं होतं."

मी उठलो, त्या पत्र्याचे हुक पुन्हा एकदा आवळले आन् सोलापूरची वाट धरली.

आता आज सकाळी, हितं पाइप उभे करताना दोन फोन आले. पयला भाऊसाहेबाचा. येत्या सोमवारी साहेबांचा दुसरा संदेश हाय, गावाचं नाव घेणार हायेत, या म्हणला, आन् ह्या वेळी कानडीत काय बी सांगू नका, नुस्ता स्पीकर लावा. माझ्या कागदाचं काय झालं विचारलं, तर वर गेलाय म्हणला. दुसरा फोन गंगम्माचा. नंबर कुटनं मिळाला विचारू नका, पत्र्यावर हाय. पोर बरं हाय म्हणली, अंग धरायलंय म्हणली. मग म्हणली, थंडी पडायलीय, शेरडं आत शिरतायत, तम्मा, बागिलु यावाग?

बागिलु म्हणजे दार.

आलं आलं, वऱ्हाड आलं! उठा, मालक, ढग पांगलेत, काय होत न्हाय. आन् मंडळी, अक्षता टाकून जाताना त्या सुस्वागतमच्या कमानीखालनं जरा सावकाश जावा, हत्ती बघा, दार एकदा उघडून-लावून बघा... सोमवारी मी नुस्ता स्पीकर लावायला चाललोय.