तळ्यापुरती बोट

हे? — ह्याला बोट म्हणता तुम्ही, विश्वेश? — बसा, बसा, जावई आहात, उभ्यानं कशाला — पण ते चित्र जरा लांब धरा, काय काय दिलंय ते बघू दे मला. गाद्या. पांढऱ्या गाद्या! कप ठेवायला भोकं, एक नाही, सहा. आणि शीड चढवायला बटन. अय्यो, बटन दाबून शीड वर जाणार, मग माणसानं हातांचं काय करायचं? — हां, कप धरायचा, सहा भोकं उगाच नाहीत. सकाळी पाण्यात जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, त्याला डे-सेलिंग म्हणे. वरुणाच्या तळ्यावर मी चाळीस वर्षं तेच केलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. आपल्या हूटगळ्ळीत कुणालाही विचारा, ह्या रणोजीरावाच्या शेडमध्ये शिडाच्या किती बोटी बांधून झाल्या. एकीलाही गादी नव्हती.

काय? सहानानं पसंत केली? — माझ्या सहानानं? — जिला वारा फिरला की मानेवर कळतो, शिडाकडे बघावंही लागत नाही, तिनं हे बटनाचं डबडं पसंत केलं? काय म्हणाली ती? — ‘अप्पांनी कोचीच्या बोटीचे बोल्ट गंजलेत म्हणून सांगितलं, विषय संपला, आता तळ्यापुरती घेऊ.’ हं. — मग बरोबरच आहे की. मालकानं पाठवलेले फोटो मोठे करून बघितले मी, कीलचे बोल्ट गंजलेले दिसले, सांगितलं. कील म्हणजे बोटीखालचा तो शिशाचा जड कणा, तुम्हाला कुठं ठाऊक असणार, तो ज्या बोल्टांवर धरलेला असतो ते गेले की भर समुद्रात बोट उलटी. तुम्ही दोघं तिच्यावर राहायला निघाला होतात, अल्वा, होय ना? कोची, मग लक्षद्वीप, मग मालदीव, मग देव जाणे कुठं, आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन नोकरी. तुम्हाला वाटतं स्क्रीनवर निळी रेघ ओढली की बोट तिच्यावरून चालते.

मला मुळातच त्या मोठ्या बोटींचा तिटकारा. हल्लीच्या तर बघवत नाहीत — मागून ही एवढी रुंद, का, तर आत खोल्या जास्त बसाव्यात. म्हणून फिरवायला दोन चाकं, पाण्यात दोन सुकाणू. फ्रीज, ओव्हन, शॉवर. माणसं समुद्रावर जातात की लॉजवर? तळ सपाट, समोरून लाट आली की धाडकन आपटतो, दात हलतात तोंडात. — नाही, कोचीची तसली नाही. तिला नावं ठेवायची असली तर आधी शिका थोडं. जुनी आहे, अरुंद आहे, पण ती बोट आहे. कील खोल, आडवी झाली तरी उठून उभी राहील. डोलकाठीला धरणाऱ्या तारा नव्या. ओटा जिन्याच्या पायथ्याशी, बोटीच्या मधोमध, म्हणजे सगळ्यात कमी हलते तिथं; कमरेला पट्टा अडकवून स्वयंपाक करता येतो. झोपायची जागा चिंचोळी, तशीच पाहिजे, रुंद पलंगावर माणूस लोळत राहतो. ज्यानं बांधली त्यानं समुद्र बघितला होता. खाली उतरताना तिसरी पायरी करकरते तेवढीच, तिला एक पाचर मारली की —

काय बघताय? — हो. फोटोत आवाज येत नाही. हुशार आहात. सुम्ने, गप्प बसला होतात तेच बरं होतं.

गेलो होतो. झालं? पिरियापट्टणला मित्राकडे, रघुनाथरावांकडे जातो म्हणून सांगितलं आणि कोचीची बस धरली. मालक भला माणूस, चहा दिला. तळाच्या फळ्या उचलल्या, पोटावर पालथा पडलो ह्या वयात, टॉर्च दातांत, हातोडीनं एकेक बोल्ट ठोकून आवाज ऐकला. बारा बोल्ट. दोन-तीन ठिकाणी जरा डाग — नाही, डागही नाही. खणखणीत. मालकाला म्हटलं, फार छान ठेवलीय. आणि बसस्टँडवरून सहानाला फोन लावला, बोल्ट गेलेत गं, नको घेऊस. — तिनं एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर शंभर विचारले असते. मला नुसतं, ‘बरं, अप्पा.’

तुम्हाला काय, तुमच्या घरात सहा माणसं. तिची आई गेल्यापासून रविवारी ती येते, शेडमध्ये माझ्याबरोबर रंग घासते, दोन वाजता आम्ही जेवतो. बाकीचे सहा दिवस मी त्या जेवणाची वाट बघतो. — हे बोलायचं नव्हतं मला. होगली, जाऊ दे. मी जिंकलो, अल्वा? ती इथंच राहणार. गाद्यांवर बसून तळ्यात गोल गोल फिरणार, हातात कप. आणि मी काठावरून ते बघणार.

नाही, तुम्ही नका सांगू तिला. तुम्ही खरं सांगितलंत तरी ऐकणार नाही ती, म्हणेल बोटीच्या बाबतीत अप्पा खोटं बोलणार नाहीत, आणि तुमच्याशीच भांडेल. ती बोट बघायला दुसरं गिऱ्हाईक कधी यायचंय कोचीला? — शुक्रवारी? म्हणजे परवा. — फोन द्या. माझा नको, माझा ती लगेच उचलते, खरं सांगायला मला जरा अवधी पाहिजे. तुमचा लावा. — वाजतोय. — तुम्ही काय उभे राहिलात तोंडाकडे बघत? बाहेर जा. दार ओढून घ्या. — हं, सहाना — नाही, विश्वेश नाही. मी आहे.