बारा उल्लेख

दातांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक आई आणि तिची प्राध्यापक मुलगी.

"जावईबापूंच्या संशोधनाचा हजारो लेखांत उल्लेख, आणि तुझ्या संशोधनाचा फक्त बारा लेखांत? अशानं बढती कशी मिळायची?"

"आई, तो औषधांवर लिहितो, मी गणितावर. आमच्यात वाचणारेच मूठभर."

"मग हे बारा कुणाचे?"

"सगळे एकाच म्हाताऱ्या प्राध्यापकाचे. माझ्या लेखात चूक सापडली की तो तिच्यावर स्वतःचा लेख लिहितो."

"आणि तेही धरतात?"

"बढतीची समिती आकडा बघते. आतलं कोण वाचतंय?"

"म्हणजे तुझं अक्षरन् अक्षर वाचणारा तो एकटाच."

"हो. मीसुद्धा इतकं वाचत नाही."

"मग पुढच्या लेखातही एखादी चूक ठेव गं. वाट बघत असेल बिचारा."