बेटावर नेलेली हळद

(सांगणार : सुभद्राबाई, पाखरांच्या बेटावरच्या रोजंदारी पहारेकरी, मोर्शी तालुका)

मी मूळची बाळापूरकडची, अकोला जिल्ह्यातली. लगन होऊन इकडे आली तवा आमचं गाव जुन्या जाग्यावरच होतं. मंग धरण झालं, घरं, शेतं, सारं पाण्यात गेलं आन आमाले वर पुनर्वसनात आणून टाकलं. गावाचा मारोती टेकडीवर होता, लय मोठा दगड, त्याले हलवाचं कोणाच्यानं झालं नाई. इकडे नवा मारोती बसवला, पण जुने लोक म्हणत, देव तर थोच. टेकडीच्या चारी बाजूनं पाणी भरलं आन तिचं बेट झालं. काय सांगू तुले बाई, माणसं गेली आन तठी पाखरं आली.

साहेबलोक त्याईले नदी सुरय म्हणतात, आमी निस्ती पांढरी पाखरं म्हणतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं का बेट मोठं होते, मंग थे पाखरं उघड्या गोट्यातच अंडे घालतात. घरटं म्हणशीन तर नाई, जमिनीत जरासा खळगा. आन अंड्याचा रंग गोट्यासारखाच, पाय पडला तरी समजत नाई. म्हणून तठी पाटी लागली, पाखरं बसली का कोणी चढाचं नाई. माह्ये मालक पहारेकरी होते, त्याईच्या मागं थे काम मले भेटलं. मले लिहाले-वाचाले येत नाई, पण पाखरू कसं बसते थे मी पाहून पाहून शिकली. उन्हात थे पाण्यावर जाते, पोट ओलं करून येते आन अंड्यावर बसते. अंडे थंड ठेवाले. वैशाखातल्या दुपारी थे घडीभर जरी उठलं तरी आतला जीव शिजून जाते. हे मले मॅडमनं सांगतलं. मॅडम म्हणजे आमच्या वनरक्षक, तुह्याहून चार-पाच वर्सानं मोठ्या असतीन.

आता आमच्यात असं हाये का लग्नाची पयली हळद टेकडीवरच्या जुन्या मारोतीले लागली पायजे. आन लगनं कवा, तर उन्हाळ्यात, पाखरं बसली तवाच. दरसाली कोणी ना कोणी हळदीचं ताट घेऊन काठावर येणार आन मी वापस पाठवणार. प्रल्हादभाऊ आला होता, पोरीच्या लग्नाचं. थो मासे धरते, बेटाच्या अंगाले मासेवाल्यात त्याची एकट्याचीच डोंगी, म्हणजे लहान नाव, असते. त्याची बायको रडे. मी म्हटलं, भाऊ, नियम म्हणजे नियम, तुह्या पोरीच्या हळदीसाठी मी शंभर लेकरं मारू काय. लय तोऱ्यात बोलली मी. त्यानं हळद काठावरच पाण्यात सोडली आन गेला.

मंग पुढच्या साली माह्या पोराचं जमलं. शेतीवाल्या पोराले पोरी भेटत नाईत, तुले माईत हाये. चार ठिकाणाहून नकार आला होता, मंग परतवाड्याकडची पोरगी भेटली. माही जाऊ म्हणे, एवढ्या मुश्किलीनं जमलं, आन तुह्याच हातात पहाऱ्याची डोंगी असून देवाले हळद नाई नेणार काय, उद्या काई कमीजास्त झालं तर पोरगं तुलेच इचारन. मी नाई नाई म्हणत राहिली. पण खरं सांगू काय, मले जाचंच होतं. जावेच्या माथ्यावर काहून टाकू. मॅडम त्या दिवशी अमरावतीले मीटिंगले गेल्या होत्या, हे मीच पाहून ठेवलं होतं.

भर दुपारी गेलो आमी, मी, जाऊ आन दोन बाया. मी म्हटलं, हळद लावाची आन निंगाचं. पण दिवा लागे ना, हवा होती. लागला तं बायाईनं गाणं धरलं. वर सारी पाखरं उठलेली, नुसता कालवा, एक तं माह्या डोक्यावर चोच मारून गेलं. मले समजून राहिलं होतं, किती येळ झाला थे बी समजून राहिलं होतं. आन मी गाणं म्हणत होती बाई. माह्या पोराचं नाव घालून गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी गेली तं पाखरं बसलेली नव्हती. चार दिवसानं मॅडमनं एक अंडं हातात घेतलं, म्हणे आतला जीव शिजला. भर उन्हात कोणीतरी पाखरं उठवून ठेवली, कोण आलं होतं मावशी, म्हणून इचारलं. माह्या तोंडातून निंगालं, मासेवाले जाळे वाळवाले चढले असतीन. मी नाव नाई घेतलं. पण त्या अंगाले मासेवाल्याची डोंगी एकाचीच, हे मॅडमले बी माईत होतं आन मले बी. प्रल्हादभाऊले पावसाळा लागेपर्यंत तिकडच्या पाण्यात मासे धरणं बंद झालं. थो दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात झाडाईले पाण्याचे आळे खोदाले जाऊ लागला.

मोर्शीच्या बाजारात दिसला एक दिवस. माह्याजवळ आला, हळूच म्हणे, "वहिनी, मारोतीनं हळद घेतली ना?" त्या दुपारी थो पलीकडं जाळ्यावरच होता. सारं पाह्यलं होतं त्यानं, आन कोणाले सांगतलं नव्हतं.

मी बाजार न करताच घरी आली. आठ दिवस भाकर गोड लागली नाई, मंग मॅडमपाशी गेली आन सांगून टाकलं. त्या वरडल्या नाईत. म्हणे, मले सांगून काय होते, त्याच्या पुढं सांगा, चार लोकात. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगतलं मी. प्रल्हादभाऊनं आयकलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आन निंगून गेला. मले कामावरून काढलं असतं तं बरं झालं असतं. मॅडम म्हणे, पाखरं तुमच्याएवढी कोणाले समजतात. थे बोलणं मले जास्ती लागलं.

यंदा पाखरं आली, पण कमी. आन परवाच एक वऱ्हाड काठावर आलं, ताट घेऊन. मी वाटेत आडवी आली तं नवरदेवाचा मामा म्हणे, तुह्या पोराची चालते, आमच्याची काहून नाई चालत. प्रल्हादभाऊ जाळं धूत होता, थो उठून आला. म्हणे, "माह्या पोरीची नाई गेली. तुमी कोण मोठे लागून गेले?" लोकं ताट घेऊन वापस गेले. त्यानं पाह्यलं बी नाई माह्याकडं, जाऊन जाळं धूत बसला.

अशी गोष्ट हाये बाई. त्याची पोरगी सासरी सुखी हाये म्हणतात, देव तिचं असंच चांगलं ठेवो, हे मी रोज म्हणते. मी दुपारभर काठावर बसते, थो डोंगीतून जाता जाता इचारते, पाखरं बसली काय. बसली म्हणते मी. तेवढंच बोलणं होते आमचं. वहिनी म्हणून थो आता हाक मारत नाई.