चावीताईंनी न उघडलेला रिपोर्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आमच्या तपासणी प्रयोगशाळेचे संचालक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, समोर बसलेले सहकारी आणि मागच्या दाराशी नाश्त्यावर डोळा ठेवून उभी असलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मला दोनच शब्द बोलायला सांगितलं आहे. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त इथे कुणाला घेता येत नाही, ही सवय ताईंनीच आम्हाला लावली. पण आज मी थोडा आगाऊपणा करणार आहे.

आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कुणी काय उघडायचं, कुणी कुणाचा रिपोर्ट पाहायचा आणि कुणी नुसतं नाव-पत्ता भरून गप्प बसायचं, हे सगळं ताईंच्या हातात. म्हणून त्या चावीताई. आमच्या अध्यक्षांनी एकदा नातवाच्या खेळासाठी आपल्या मशीनवर सगळे अधिकार मागितले होते. आठवतंय ना, सर? ताई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कामाला लागतं तेवढं सगळं दिलंय. खेळ घरच्या मशीनवर टाका." सर आठवडाभर फुगून बसले होते! आणि गंमत म्हणजे ताईंचं स्वतःचं रोजचं खातंही रिसेप्शनवरच्या मुलींसारखंच साधं. मोठे अधिकार असलेलं खातं वेगळं. काम निघालं की ते उघडायचं, काम झालं की लगेच बंद. आम्ही हसायचो. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं कुणी राहतं का?

पुढची गोष्ट सांगण्यासाठी मी काल ताईंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला? माझ्या धाकट्या बहिणीला विचारा." धाकटीला विचारलं. ती हो म्हणाली, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी ताईंच्या धाकट्या बहिणीच्या गाठीचा तुकडा आमच्याकडेच तपासायला आला. तो तपासला मीच. रिपोर्टवर सही करून पाठवला. तो बहिणीला समोर बसवून तिचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सांगणार होते. त्या दुपारी ताई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, डबा तसाच झाकलेला. रिपोर्ट त्यांच्या समोरच्याच यंत्रात होता. स्वतःला तो पाहायचा अधिकार द्यायला त्यांना किती वेळ लागला असता?

रक्ताचे नमुने घेणारे आमचे दादा न राहवून म्हणाले, "ताई, बघून टाका ना एकदाचं! तुम्हाला कोण अडवणारंय?"

ताई म्हणाल्या, "म्हणूनच मला मीच अडवायला हवं ना, दादा."

त्यांनी स्क्रीन बंद केली, उठल्या आणि बाहेर नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसल्या. मी काचेतून पाहत होते. मला सगळं माहीत होतं आणि मला काही बोलता येत नव्हतं. खरं सांगते, मला त्यांचा राग आला. एवढा कसला हट्ट, बाई? थोड्या वेळाने बहीण आली, शेजारी बसली, आणि दोघी पडद्यांच्या कापडावरून चक्क भांडत होत्या.

बातमी वाईट होती. उपचार लांबले, घर हवालदिल झालं. त्यातून बरी झाल्यावर धाकटी एकदा मला म्हणाली, "डॉक्टर, त्या दुपारी मी येताच ताईचा चेहरा पाहिला. तिला काही माहीत नव्हतं. मग मीही रात्री निवांत झोपले. माझ्या आजाराची बातमी आधी मला कळली, घरातल्यांच्या चेहऱ्यांवरून नाही."

त्या दिवशी माझा राग गेला. ताई, आम्हाला वाटायचं तुम्ही आम्हाला अडवता. तुम्ही आमच्या पेशंटना जपत होता, हे मला इतक्या उशिरा कळलं.

इथे कुणी नोकरी सोडली की हार गळ्यात पडण्याआधी ताई त्याचं खातं बंद करत. आज सकाळी त्यांच्या जागी आलेल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचं राहू द्या ना उद्यापर्यंत." ताई म्हणाल्या, "आत्ता. माझ्यासमोर." खातं बंद झालं. ताईंनी पुन्हा उघडून पाहिलं. उघडलं नाही, तेव्हा नव्या मॅडमच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आता मी जायला मोकळी."

धाकटी पहिल्या रांगेत बसली आहे आणि मला आवरतं घ्यायची खूण करते आहे. ताई, तुमचे मनापासून आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. बोलता बोलता मी अधिकाराबाहेर कुठे पाऊल टाकलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. ताई मात्र करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.