अर्ध्यात सोडलेली भैरवी

त्या दिवशी लाइट पहाटेच येणार होती. म्हणून मी आधी विहिरीवरची मोटार चालू केली, टाकी भरून घेतली. गोठा झाडला, धार काढली, चूल पेटवून भाकरी टाकल्या. हे ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होते आणि नाटकातलं एक पद गुणगुणत होते. मी आतून म्हटलं, "ते कडवं नंतरचं आहे, आधी दुसरं येतं." ते म्हणाले, "तुला बरं सगळं पाठ असतं." मग दाढी पुसली, डबा घेतला, गाडीला किक मारली आणि आळेफाट्याला दुकानात गेले.

एवढीच सकाळ. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. आता तीच आठवते.

मंडळी, तुम्ही कामं सोडून आलात. राजुरीचे, येडगावचे आलात. सुमन घोडेगावहून आली. मला सभेत बोलायची सवय नाही. बाईनं नवऱ्याच्या शोकसभेत उभं राहावं का, यावर काल थोडी चर्चाही झाली म्हणे. तेव्हा आपल्या भजनी मंडळाचे तात्या म्हणाले, "बोलू द्या तिला. जन्मभर विंगेत बसून दुसऱ्यांना बोलायला लावलंय तिनं." तात्या, तुमचे आभार. पण दुसऱ्यांना बोलायला लावणं सोपं असतं. ओळ पुढ्यात लिहिलेली असते. आज माझ्या पुढ्यात काही नाही.

ह्यांना तुम्ही मास्तर म्हणायचात. शाळेतले मास्तर नव्हेत, पेटीमास्तर. दिवसा जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचे, तांब्याच्या तारेनं बोटं कापलेली असायची. संध्याकाळी त्याच बोटांनी पेटी. आम्हाला मूलबाळ नाही. पण घर कधी रिकामं नव्हतं. नाटकाच्या तालमीची पोरं यायची, चहा व्हायचा, भांडणं व्हायची. मी चौथीत शाळा सोडलेली. आमचा प्रॉम्प्टर रांजणगावला कंपनीत लागला आणि हे म्हणाले, "आता तूच बस." मी म्हटलं, "मला कुठं एवढं वाचता येतं?" म्हणाले, "येईल. पोरं अडली की तुला वाचावंच लागेल." तशी मी वाचायला शिकले. नाटक संपलं की दुसरं पुस्तक, मग तिसरं. रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायची आणि हे तार गुंडाळत ऐकायचे. आता मी मनात वाचते. मोठ्यानं वाचायला गेलं तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

पण मला त्या नाटकाबद्दल बोलायचं आहे. कारण ह्यांचं सगळं आयुष्य त्यात अडकलं होतं.

पोरांनो, तुम्ही ते बसवताय, तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. आपल्या पणज्याच्या काळातलं संगीत नाटक. दुष्काळ पडलाय. किल्ल्यात किल्लेदाराच्या मुलीचं लग्न चाललंय, पंगती उठतायत. बाहेर भुकेली माणसं दरवाजा ठोठावतायत. आत गाणं चालू आहे. ठोठावणं ऐकू येऊ नये म्हणून एकामागून एक पद म्हटलं जातं. शेवटी नवरीला भैरवी म्हणायला सांगतात. ती म्हणते. म्हणता म्हणता तिच्या लक्षात येतं की बाहेरचा आवाज थांबलाय. ठोठावायला कुणी उरलेलंच नाही. ती अर्ध्या ओळीत थांबते. पेटी थांबते. पंगतीतली माणसं तुमच्याकडे बघत बसतात. पडदा पडत नाही. तुम्ही उठून जाल तेव्हा नाटक संपलं.

असलं नाटक यात्रेत करायचं? तेही नव्या पोरापोरींना घेऊन? तेव्हा नव्वदीतली वर्षं होती. बायकांच्या कामाला नारायणगावहून कलावंत आणायचे, अशी पद्धत. ह्यांनी ठरवलं, आपल्याच पोरी घ्यायच्या. नवरीच्या कामाला सुमन घेतली. सुमन आंबेगावच्या डोंगराकडची, भातशेतीच्या घरातली. इथं वसतिगृहात राहून शिकत होती. पुढारी म्हणाले, "मास्तर, आपल्या गावात पोरी न्हाईत का?" हे म्हणाले, "आहेत. पण हिनं भूक बघितलेली आहे आणि हिचा सूर खरा आहे."

दुसरं भांडण टोप्यांवरून झालं. पंगतीतल्या माणसांना ह्यांनी पगड्या दिल्या नाहीत. साध्या पांढऱ्या टोप्या घातल्या. आपल्या घालतो तशाच. एक जण घरी येऊन म्हणाला, "मास्तर, हे लोक आमच्यावाणी दिसत्यात." हे म्हणाले, "बसवताना मलाही तसंच वाटलं." तो गृहस्थ चहा न घेता गेला. यात्रा कमिटीनं निरोप धाडला, शेवट गोड करा, दरवाजा उघडू द्या, दोन पोती धान्य वाटा आणि आरती घ्या. ह्यांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि शेवट तसाच ठेवला.

भैरवी मात्र ते सुमनकडून रोज पूर्ण म्हणून घ्यायचे. मी विचारलं, "थांबायचंच आहे तर पूर्ण कशाला?" म्हणाले, "अर्ध्यात सोडायची तर आधी पुरती यायला हवी." तालमी शाळेत चालायच्या. खिडक्यांत माणसं उभी असायची. ऐकून ऐकून ती भैरवी साऱ्या गावाला पाठ झाली. तात्या, तुम्ही ती पाणी भरताना म्हणायचात, मी स्वतः ऐकलंय. कुठं थांबायचं हे ह्यांनी नटांना सांगितलं होतं. गावाला नाही. गावाला कोण सांगतं?

प्रयोग लागला. मैदान भरलं. भजनी मंडळ पुढे, अगदी पेटीजवळ बसलेलं. सगळं नाटक माणसं गप्प बसून बघत होती. टोप्यांची पंगत आली तेव्हा कुजबुज झाली, तीही विरली. सुमननं भैरवी उचलली. मी विंगेत होते. बाहेरचं ठोठावणं बंद झालं आणि सुमन थांबली. जिथं थांबायचं बरोबर तिथं. ह्यांनी पेटीवरचे हात उचलले.

मंडळी, प्रॉम्प्टरचं काम काय? नट थांबला की पुढची ओळ द्यायची. माझ्या पुढ्यात ती ओळ होती. मी ओठ दाबून बसले. सुमननं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला माझी गरज नव्हती.

आणि तेवढ्यात पुढून तात्यांनी ओळ उचलली.

हसू नका. तात्या, तुम्ही हसलात तरी चालेल. आपल्याकडे भजनात बुवांचा आवाज बसला, ओळ अडली, की मागचे टाळकरी ती उचलतात. माणसाला चारचौघांत उघडं पडू द्यायचं नाही, ही आपली रीत. तात्यांना वाटलं, परगावची पोर, बिचारी विसरली. त्यांनी उचललं, मंडळानं उचललं, कुणाकडे टाळ होते ते वाजले, मग सगळं मैदान म्हणायला लागलं. बायका म्हणायला लागल्या. भैरवी पुरी झाली. वरून देवाच्या नावाचा गजर झाला आणि लोक समाधानानं उठले.

हे मात्र तसेच बसले होते. हात वर. मग त्यांनी हात खाली घेतले आणि गजराला पेटी धरली.

नंतर बाया एकेक करून आत आल्या. सुमनच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "असूं दे गं, व्हतं असं. पुढच्या टायमाला ध्यानात राहील." कुणी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दृष्ट लागली असेल म्हणून. आणि ती मला धरून रडत होती. "काकू, मी विसरले नाही. मी थांबले होते." कुणाला सांगणार? गावानं तिला सांभाळून घेतलं होतं. सांभाळून घेणाऱ्यांना काय सांगणार?

मी ह्यांना म्हटलं, तात्यांना एकदा सांगा तरी. म्हणाले, "काय सांगू? पोरीला उघडं पडू दिलं नाही म्हणून रागावू?" आणि पेटी झाकून ठेवता ठेवता म्हणाले, "पण ते नाटक अजून झालेलं नाही."

ते शेवटपर्यंत हेच म्हणत राहिले. नाटक अजून झालेलं नाही.

पुढच्या यात्रेला ऑर्केस्ट्रा आणला. त्याच्या पुढच्याला तमाशा. मग केबल आली. पोरं पुण्याला गेली, चाकणला गेली, दोघं-तिघं मुंबईत मालिकांत लागली. ती वर्षं आमच्या घरी फार शांत गेली. हे पेटी काढायचे, ती भैरवी थांबायच्या जागेपर्यंत वाजवायचे आणि भाता सोडून बसायचे. शेजारीण विचारायची, "मास्तरांना पुढचं येत न्हाई का?" मी म्हणायची, येतं. दोन माणसांच्या घरात एक माणूस रोज एका जागी येऊन थांबतो, आणि दुसऱ्याला ते ठाऊक असतं. त्यावर बोलायचं काय, ते आम्हाला कधी सुचलं नाही.

मग ही नवी पोरं आली. स्वतःहून आली. पल्लवी म्हणाली, "मास्तर, ते टोप्यांचं नाटक आम्हाला करायचंय." ह्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुमन आता शिक्षिका आहे, तिची मुलं मोठी झालीत, तरी दर रविवारी एसटीनं येऊन पल्लवीला भैरवी शिकवायला लागली. लोडशेडिंगमध्ये गॅसबत्ती लावून तालमी झाल्या. येत्या यात्रेला प्रयोग ठरला. आणि त्या सकाळी हे दुकानात गेले, दुपारी एका मोटारीची वायंडिंग भरता भरता बसल्या जागी गेले.

परवा नाटकाची पोरं घरी आली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "काकू, आम्ही ठरवलंय. मास्तरांना श्रद्धांजली म्हणून या वेळी भैरवी पुरी म्हणायची. सगळं गाव म्हणेल. शेवटी मास्तरांचा फोटो स्टेजवर आणू." पोरांनो, तुम्ही मनापासून बोललात. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते.

नको.

फोटो आणू नका. भैरवी पुरी करू नका. ह्यांना सांभाळून घेऊ नका. पल्लवी, जिथं थांबायचं तिथं थांब. तुला वाटेल, मैदान अंगावर येतंय. येऊ दे. सुमनला विचार, ती तिथं उभी राहून आलीय. आणि तात्या, तुमच्यापुढे मी हात जोडते. तुमच्या मनात वाईट कधीच नव्हतं, ह्यांनाही ते ठाऊक होतं. पण या वेळी पोरगी थांबली की तुम्ही उचलू नका. तुमच्या मंडळालाही सांगा. जीभ चावून बसा. मीही बसेन. तुमच्यापेक्षा मला जड जाईल, कारण माझ्याकडे पुढची ओळ लिहिलेली असते.

तात्या मान हलवतायत. मला दिसतंय. बरं झालं.

हेडमास्तर म्हणाले, शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं. राहू या. ज्या माणसानं तुमच्या पोरांना सूर दिला, त्याला माझा आणि तुमचा नमस्कार.

त्याआधी एवढंच. घरात सुतक असताना मी कुठं गेले होते, हे काही जण एकमेकांना विचारतायत. मलाच विचारा, मी सांगते. हे बुधवारी गेले. गुरुवारी संध्याकाळी पोरं तालीम बंद म्हणून शाळेच्या पायऱ्यांवर बसली होती. मी गेले, खोली उघडायला लावली, माझ्या जागेवर बसले आणि शेवटचा अंक पहिल्यापासून घ्यायला सांगितला.