मांडवभर लौकी

फुकटात भाजी वाटून पाहा एकदा, मंग समजंल तुमाले. त्या साली आमच्या मांडवावर लौकी एवढी लागली, का खाऊन खाऊन वीट आला. म्हणून मी थैली भरून गल्लीत वाटाले निघालो. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर हाये, हे ध्यानातच नाई राह्यलं.

शेजारच्या कमलाबाईनं लौकी घेतली अन् मले खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, यंदा उभे राहून राह्यले वाट्टे?"

"नाई जी बाई, लौकी जास्त झाली."

"पहिले सारेच नाई म्हणतात."

मी घाबरून वाटणंच बंद केलं. चार दिवसांनी कमलाबाई कुंपणाशी आली अन् हळूच म्हणे, "काऊन भाऊ, फॉर्म मागे घेतला? सरपंचानं काय देल्लं?"