चौघांची कणीक

मेहकरच्या स्टँडवर जानेफळच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या. एकीच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं.

“रुक्मिणीबाई, मंग सैपाक कोन करते? सून तर नोकरीले जाते.”

“आमच्या घरचे करतात.”

“रंगरावभाऊ?”

“हाव. सून म्हने, बाबा, मारोतीच्या भंडाऱ्याले तुमी गवऱ्यावर दोनशे मानसाचे रोडगे भाजता. आपन तर चौघंच हावोत.”

“सासऱ्याले असं म्हटलं?”

“गोडीनं म्हटलं, पन म्हटलं. मले चाळीस वर्षांत हे सुचलं नाही.”

“अन् लेक?”

“तो भांडे घासते.”

“मंग भाऊले जमलं?”

“पहिल्या दिवशी परातभर कनीक भिजवली. चौघायचा अंदाजच नाही त्यायले. साऱ्या गल्लीत पोळ्या वाटल्या.”

“लोकं हासले असतील.”

“हासले. हे म्हने, हासा, पन गरम हाय तवर खा.”

“आनि आता?”

“आता बरोबर चौघायची भिजवतात. मले पहिले वाढतात अन् घास तोंडात गेला की माह्या तोंडाकडे पाहत बसतात. मी चाळीस वर्षं त्यायच्या तोंडाकडे पाहत होती, तसंच.”

“तवा ते काय म्हनत?”

“काहीच नाही. खाली मान घालून जेवत.”

“मंग आता तुमी काय म्हनता?”

“मी लगेच सांगून टाकते, चांगली झाली. वाट पाहताना कसं वाटते, ते मले माहीत हाय.”